अनुभव धागा : तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत नेमकं काम काय चालतं?

संघटना म्हटलं की १५ ऑगस्टची परेड आणि फेटे एवढंच लोकांना दिसतं. आतलं काम जाणणाऱ्यांनी लिहावं. आत्मचरित्र नको, उपयोगी पडेल ते लिहा.

निवृत्त सुभेदार, सातारा
आधी एक घोळ मिटवू. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सरकारी, संघटना आपली. सरकारी बाजूचं मूळ १९१९ सालचं : पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांसाठी आणि मेलेल्यांच्या घरच्यांसाठी इंडियन सोल्जर्स बोर्ड निघालं. तेच १९७५ पासून केंद्रीय सैनिक बोर्ड. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे (मिलिटरी) गावात त्या युद्धाचा स्मृतिस्तंभ आहे, एकट्या त्या गावचे ४६ जवान गेले. जिल्ह्याच्या बोर्डाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून, त्यानिमित्त सैनिकांसाठी निधी गोळा होतो. त्या निधीची पावती संघटनेच्या पुस्तकावर फाडू नका. तो पैसा बोर्डाचा, पावतीही त्यांचीच.

पेन्शनची कागदपत्रं बघणारा, सांगली
खरं काम सुरू होतं पेन्शनर वारल्यावर. क्रम असा ठेवा : मृत्यूचा दाखला (चार-पाच प्रती), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक (निवृत्तीवेळी मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), पत्नीचं आधार, पॅन, पासबुक. मग स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर, मृत्यूची नोंद. एटीएममधून पैसे काढणं तोवर बंद. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच. पुढच्या महिन्यांची जमा झालेली रक्कम वसूल होते, आणि मुलांनी ती दिवसकार्यात खर्चून टाकलेली असते.

अडतं ते नावावर. आपल्याकडे लग्नात बाईचं नावच बदलतं. पलटणीत पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं अशा घरच्या नोंदींचा लष्करी आदेश) निघाली तेव्हा माहेरचं नाव लागलं, आधारवर सासरचं. कुठे पीपीओत 'सुमन' तर आधारला 'सुमनबाई'. संगणकाला या दोन वेगळ्या बायका. उपाय : दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, डिस्चार्ज बुकातल्या कुटुंबाच्या पानाची प्रत, हे सगळं जिल्हा कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला (मध्य प्रदेश), तोफखान्याचं नाशिक रोडला. तिथून दुरुस्त पीपीओ निघेपर्यंत महिने जातात. म्हणून हे काम जवान हयात असतानाच उरकायचं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला सगळे जमतात, त्याच दिवशी प्रत्येकाचा पीपीओ आणि आधार शेजारी ठेवून बघा. अर्ध्या संघटना हे करत नाहीत आणि हारतुऱ्यांवर खर्च करतात.

८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शन २० टक्के वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०. जन्मतारीख चुकीची असेल तर वाढ अडकते. विधवेची जन्मतारीख तर पुष्कळदा नोंदलेलीच नसते.

माजी नायक, कोल्हापूर
साहेब, पेन्शन नसलेल्यांचंही लिहा. १५ वर्षं न भरता आलेले पुष्कळ आहेत. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकाला किंवा विधवेला बोर्डाचं निर्वाह अनुदान आहे : महिना ४,००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ८,०००. मुलांचं शिक्षण अनुदान १,००० वरून २,०००, दोन अपत्यांपर्यंत. अर्ज ऑनलाइन. मुलांची नावं डिस्चार्ज बुकात किंवा पार्ट टू ऑर्डरमध्ये नसली की अर्ज परत.

ईसीएचएसशी संबंधित, पुणे
थोडक्यात. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ पासूनची. आधी पॉलिक्लिनिक (योजनेचा दवाखाना), तिथून रेफरल (पुढे पाठवल्याची चिठ्ठी), मग पॅनलवरचं रुग्णालय. तातडीत पॅनलबाहेर दाखल केलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिलाचं भांडण होतं. तालुक्यात दोन माणसांना तरी पॉलिक्लिनिकचा नंबर पाठ असावा.

संघटनेचं दप्तर सांभाळणारी, अहिल्यानगर
संघटना मोडते ती दप्तरामुळे. नोंदणीला किमान सात सभासद, मग धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंद. निवडणूक झाली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहतो, कारण जुना सचिव इतिवृत्ताची वही देत नाही. मग परिशिष्टावर (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर) जुनीच नावं, बँक नव्या सह्या घेत नाही, आणि एका गावात दोन अध्यक्ष. वही, पावतीपुस्तक, हिशेब सभेतच, सही घेऊन हस्तांतरित करा. हुद्द्याचा मान सभेत जरूर ठेवा. मत मात्र सुभेदार आणि शिपाई दोघांचं एकच.

भरतीपूर्व सराव घेणारा, सातारा
पोरांसाठी : १.६ किलोमीटर धावणं, १० बीमला (दांड्याला लटकून वर उचलणं) ४० गुण, ९ फुटी खड्डा. डांबरी रस्त्यावर रोज पळवलं की नडग्या धरतात आणि ऐन भरतीत पोरगं बसतं. मातीवर पळवा, जोरात धावणं आठवड्यातून दोनदाच. आता लेखी परीक्षा आधी असते, तेव्हा मैदानाइतकाच वेळ गणिताला द्या. नाव, जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरायची. सांगलीकरांनी लिहिलेला घोळ तिथूनच सुरू होतो.