‘प्राउड’ला बांग्लात ‘अभिमानी’ म्हणता? म्हणून बघाच एकदा

सॉल्टलेकची_चाळ (धागाकर्ती)

काल सोसायटीच्या ग्रुपवर एक तक्ता फिरत आला. डावीकडे इंग्रजी विशेषणं, पुढे भारतीय भाषांतले प्रतिशब्द. ‘प्राउड’समोर मराठी ‘अभिमानी’, बांग्ला ‘अभिमानी’, आणि खाली ठळक अक्षरांत ‘बघा, आपण सगळे एकच बोलतो!’ तिथे काही लिहिलं की अॅडमिनकाका खवळतात, म्हणून इथे लिहितेय.

अहो, नाही बोलत एकच. नऊ वर्षं कोलकात्यात काढलीत मी. पहिल्याच वर्षी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बढती मिळाली. मी नुकतंच शिकलेलं बांग्ला पाजळत तिला म्हटलं, ‘तोमार ओपोर आमार खूब ओभिमान.’ पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. ‘आमि की कोरलाम?’ म्हणजे ‘मी काय केलं?’ दिवसभर माझ्यामागे चहा घेऊन फिरली. मी तिला ‘तुझ्यावर रुसलेय’ असं सांगून बसले होते!

ओभिमान आपल्या माणसावरच होतो. त्याने न सांगता समजून घ्यायला हवं होतं, त्याला समजलं नाही, आणि आता मी बोलणार नाही, असा सगळा प्रकार. परक्यावर नुसता राग येतो. ‘राग कोरिनि, ओभिमान होयेछे’, म्हणजे रागावले नाहीये, मन दुखावलंय. (राग मात्र त्यांचा-आपला एकच. हिंदीवाल्यांना तो गाण्यातला वाटतो.) चांगल्या अर्थाने ‘प्राउड’ म्हणायचं तर ‘गोर्बितो’. नाक वर करून चालणारा तो ‘ओहंकारी’ नाहीतर ‘दाम्भिक’. या तिघांना एका ओळीत कोंबणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

ताकाचं_भांडं

एका तक्त्यावर एवढं? मुळात मान दुखावल्याशिवाय कोणी रुसतं का? मूळ एकच, फांद्या दोन. हृषीकेश मुखर्जींचा १९७३चा ‘अभिमान’ घ्या. बायको गाण्यात पुढे जाते आणि नवऱ्याला ते सोसत नाही. आता हा गर्व की रुसवा? दोन्ही ना? मग झालं तर.

सॉल्टलेकची_चाळ

मुखर्जी जन्माने कोलकात्याचे, हे विसरलात. ते नाव बंगाली कानाने ठेवलंय असं मला कायम वाटत आलंय. माझाच मुद्दा सिद्ध केल्याबद्दल आभार.

देवघर_आणि_माळा

हे सगळं वैष्णवांकडून आलं असावं असं मला वाटतं. राधा कृष्णावर रुसते तो ‘मान’, तो तिची समजूत काढतो ते ‘मानभंजन’. चैतन्य महाप्रभूंचे शिष्य रूप गोस्वामी यांनी सोळाव्या शतकात ‘उज्ज्वलनीलमणी’ या भक्तिरसावरच्या ग्रंथात मानाला प्रेमाची एक पायरीच केलंय. ती कीर्तनं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या लोकांचा अभिमान हळवा होणारच. आपल्याकडेही ‘मानिनी’ आहे की, पण तिला आपण लावणीत सोडून आलो.

गच्चीवरून

बांग्लाचं नंतर बघू. आधी मराठीत ‘मला तुझा गर्व आहे’ म्हणणं बंद करा! ‘मुझे गर्व है’चं हे उचलून आणलेलं पिल्लू आता शाळांच्या फलकांवर बसलंय. आमच्या गल्लीतल्या शाळेने दहावीच्या निकालाला बॅनर लावला, ‘आम्हाला आमच्या विद्यार्थ्यांचा गर्व आहे’. मराठीत गर्वाचं घर खाली असतं, एवढं मुख्याध्यापकांना ठाऊक नसावं? गर्विष्ठ ही शिवी आहे. वाटतो तो अभिमान, होतो तो गर्व.

ठेचा_आणि_भाकर

आले सदाशिव पेठेतून! साहेब, माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मेसेज टाकला, ‘बेटा तुझा गर्व वाटते’. तो मेसेज मी तीन फोन बदलले तरी जपून ठेवलाय. त्याच्यावर लाल शाई मारून पाठवू का तुम्हाला? आमच्या नागपूरकडे असंच बोलतात. ती पण मराठीच आहे.

गच्चीवरून

वडिलांना मध्ये आणलं की वाद संपतो, हे सोयीचं आहे. मी त्यांच्याबद्दल बोललोच नव्हतो. (आणि मी राहतो डोंबिवलीत.)

देवघर_आणि_माळा

मुळावरच जायचं तर तुमचा ‘अभिमान’ तरी कुठे धुतल्या तांदळाचा? सांख्यकारिकेत, म्हणजे सांख्य दर्शनाच्या जुन्या ग्रंथात, सरळ ‘अभिमानोऽहंकारः’ (अभिमान म्हणजेच अहंकार) म्हटलंय. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ, दर्प, अभिमान हे आसुरी संपत्तीत मोजलेत. त्या अभिमानाला मराठीने सुधारून ‘सार्थ’ केलं, मग गर्वाने काय घोडं मारलंय? ढाक्यात १९५२ साली २१ फेब्रुवारीला भाषेसाठी पोरं मेली, त्या दिवसाबद्दल बांग्लादेशी ‘एकुश आमार ओहंकार’ म्हणजे ‘एकवीस तारीख माझा अहंकार’ म्हणतात. चक्क अहंकार! त्यांना जाऊन शुद्धलेखन शिकवणार का?

गच्चीवरून

गीतेत काही प्रतींत ‘अतिमान’ असा पाठ आहे. बघून घ्या.

देवघर_आणि_माळा

बघितलंय. सांख्यकारिकेत नाही ना पाठभेद?

गच्चीवरून

बरं. अभिमानही आसुरी, गर्वही आसुरी. आनंद आहे. बॅनर मात्र चुकीचाच.

ताकाचं_भांडं

या हिशोबाने स्वाभिमानी शेतकरी संघटना बंगाल्यांना रुसलेल्या शेतकऱ्यांची वाटत असेल. तसं पाहिलं तर फार चूकही नाही.

सॉल्टलेकची_चाळ

धागा ‘प्राउड’वर होता, आठवण करून देते. आणि एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. ‘मी अभिमानी आहे’ असं आपण म्हणतच नाही, ‘मला अभिमान वाटतो’ म्हणतो. अभिमानी हे विशेषण आपल्याकडे बहुधा दुसऱ्या शब्दाच्या खांद्यावर बसून येतं. भाषाभिमानी, देशाभिमानी, दुराभिमानी. म्हणजे तक्त्यातला मराठी रकानाही चुकलाच. ताकसाहेब, काही म्हणणं?

ताकाचं_भांडं

म्हणणं एवढंच की तो शब्द ‘दुरभिमानी’ आहे. बाकी तुमचं बरोबर, नाइलाजाने.

नवी_वहिनी_येतेय

सगळ्यांना नमस्कार, मध्येच घुसतेय. दादाचं लग्न बंगाली मुलीशी ठरलंय. पत्रिका शनिवारी छापायला जाणार. ‘तुला सून करून घेताना आम्हाला अभिमान वाटतो’ हे दोन्ही भाषांत हवंय. बांग्लात नक्की काय लिहू?

सॉल्टलेकची_चाळ

‘तोमाके निये आमरा गोर्बितो’. बांग्ला लिपीत मी लिहून पाठवते. ओभिमान शब्द चुकूनही नको, तो लग्नानंतर आपोआप येईल.

गच्चीवरून

मराठीत ‘अभिमान’च छापा. ‘गर्व’ दिसला तर जेवायला येणार नाही.

ठेचा_आणि_भाकर

बोलावलंय कोणी तुम्हाला?