बेल्स पाल्सीसाठी स्टेरॉइड चालू आणि घरात मुलाला कांजिण्या

सायली_क: बेल्स पाल्सीवर (चेहऱ्याच्या एका बाजूचा अचानक आलेला लकवा) प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ६० मि.ग्रॅ. चालू असताना घरातल्या मुलाला कांजिण्या निघाल्या आहेत. रुग्णाला लहानपणी येऊन गेल्या का, घरात कुणालाच आठवत नाही. गोळ्या थांबवायच्या का? चेहरा पुन्हा वाकडा होईल का?

निशिगंध: गोळ्या मनाने थांबवू नका, पण डॉक्टरांना आजच फोन करा. आधी येऊन गेल्या असतील किंवा लसीचे दोन्ही डोस झाले असतील तर सहसा काळजी नसते. आठवत नसेल तर रक्ताची व्हॅरिसेला आयजीजी तपासणी (कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते बघणारी) लगेच करून घ्या. ती निगेटिव्ह आली तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) संपर्कापासून १० दिवसांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. किंवा त्याऐवजी डॉक्टर संपर्काच्या सातव्या दिवसापासून असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध देतात. बेल्ससाठी ते आधीच चालू असेल तर तसं सांगा. लस मात्र आत्ता नको; तिच्यात जिवंत विषाणू असतो आणि स्टेरॉइडचा हा डोस मोठा आहे.

दिवस मोजताना लोक हमखास चुकतात. पुरळ दिसायच्या दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग देत असतं, म्हणून संपर्क तिथून धरा. त्यानंतर १० ते २१ दिवस लक्ष ठेवा, इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर २८. ताप, फोड, धाप यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. स्टेरॉइडवर असताना कधी कधी पुरळाच्या आधीच पोट किंवा पाठ जोरात दुखते, तेही तातडीचंच समजा.

अभय७: मुलाच्या कांजिण्यांमुळे रुग्णाच्या शरीरात आधीच्या कांजिण्यांनंतर दडून राहिलेला विषाणू जागा होत नाही, ती भीती काढून टाका. उलट बाजू मात्र तपासा. कान ठणकत असेल, कानात किंवा टाळ्यावर फोड असतील, तर ते बेल्स नसून रॅमसे हंट असू शकतं. तोही चेहऱ्याचा लकवाच, पण कांजिण्यांच्याच विषाणूचं काम. त्या फोडांतून लस न घेतलेल्या मुलाला कांजिण्या होऊ शकतात. टॉर्च लावून एकदा नीट बघाच.

मेघना: डोळा विसरू नका! पापणी मिटत नाही म्हणून थेंब घालताना हात सारखा डोळ्याकडे जातो. आधी साबणाने हात धुवा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, टॉवेल वेगळा ठेवा. रात्री मलम घालून पापणी पूर्ण मिटवा, मगच टेप लावा; अर्धवट उघड्या डोळ्यावर टेप लावली तर बुबुळ खरचटतं. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

सायली_क: आणि हात-पाय-तोंडाचा आजार असता तर?

निशिगंध: त्यात इम्युनोग्लोब्युलिन वगैरे नाही. पण विषाणू शौचातून कित्येक आठवडे जात राहतो, म्हणून डायपर बदलल्यावर साबण-पाणीच वापरा. सॅनिटायझर त्यावर कमी पडतो.