इंडक्शन हार्डनिंगनंतर की-वेच्या कोपऱ्याला तडे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ईएन १९ या मिश्र पोलादाचे ४५ मिमी व्यासाचे शाफ्ट करतो. बार टफनिंग (तापवून-थंड करून चिवट करणं) होऊनच येतो. बेअरिंगची जागा आणि तिला लागून १४ मिमी रुंद की-वे (चावी बसवायची खाच), एवढा पट्टा हार्ड हवा. ड्रॉइंगवर ५० ते ५५ एचआरसी (हार्डनेसचं माप), केस डेप्थ म्हणजे हार्ड थराची जाडी अडीच ते तीन मिमी. इंडक्शन (कॉइलमधल्या करंटने पृष्ठभाग तापवून लगेच थंड करणं) जॉबवर्कला बाहेर जातं. मशीन १० किलोहर्ट्झचं, शाफ्ट उभा फिरतो, कॉइल वर सरकते आणि तिच्यामागून साध्या पाण्याचा फवारा.

हार्डनेस चोख मिळतो, पण की-वेच्या कोपऱ्यातून केसासारखा तडा निघतो. गोल भागावर एकही नाही. त्याच मशीनवर, त्याच पाण्यात ईएन ८ या साध्या कार्बन पोलादाचे शाफ्ट बिनबोभाट होतात. जॉबवाले म्हणतात मटेरियल खराब, बारवाले टेस्ट सर्टिफिकेट पुढे करतात. (मधल्या मधे आम्ही.) नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १:
आधी साधं पाणी बंद करा. ईएन १९ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनम आहे, ते सावकाश थंड केलं तरी हार्ड होतं. पाण्याचा झटका त्याला सोसत नाही. ८-१० टक्के पॉलिमर मिसळलेलं पाणी घेऊन ट्रायल द्या, ते जरा सावकाश थंड करतं. दुसरं, की-वेच्या धारेवर करंट गोळा होतो. गरम होताना निरखून पाहा, बाकी शाफ्ट लाल असताना धार पिवळीधमक दिसेल. की-वेत तांब्याची पट्टी घट्ट बसवा, म्हणजे ती धार जास्त तापणार नाही. धारा आधीच मोडून घ्या, तळाच्या कोपऱ्यालाही रेडियस ठेवा.

प्रतिसाद २:
तडा ग्राइंडिंगच्या आधी दिसतो की नंतर? नंतरच दिसत असेल तर व्हील आणि कूलंटही तपासा. ग्राइंडिंगचे तडे उथळ, बारीक आणि पुष्कळ असतात. क्वेंचचा (झटकन थंड करण्याचा) तडा एकटा आणि खोल जातो. शिवाय टेम्परिंग (ताण काढायला पुन्हा हलकं तापवणं) कधी होतं? हार्ड केलेला माल रात्रभर तसाच पडला तर सकाळी तडा दिसू शकतो.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. तडे शोधायची मॅग्नेटिक टेस्ट आम्ही ग्राइंडिंगनंतरच करतो, आता आधीही करून बघतो. टेम्परिंगची भट्टी जॉबवाल्यांकडे नाही, माल दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातो. १८० डिग्रीला दोन तास पुरेत का? आणि तांब्याची पट्टी प्रत्येक नगाला नवी लागते की तीच फिरवता येते?