आधी चाललो, मग थांबलो, मग बसलो: संगतीचे अनुभव

धागा सुरू करणारी, नगर:
गेल्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायबलमधलं स्तोत्र १ वाचायची पाळी माझी होती. दुर्जनांच्या मसलतीने न चालणारा, पाप्यांच्या वाटेत उभा न राहणारा, निंदकांच्या बैठकीत न बसणारा तो धन्य. लहानपणापासून तोंडपाठ वचन, पण चालणं, उभं राहणं, बसणं हा क्रम पन्नाशीत ध्यानात आला. माझ्या धाकट्या भावाचं अगदी असंच झालं. कामावरून येताना दोघांसोबत नुसता चालायचा. मग चौकातल्या टपरीशी थांबू लागला. वर्षाच्या आत टपरीमागच्या पत्त्यांच्या डावात बसला. आई रात्री कडी लावायची नाही. दार आतून बंद दिसलं तर हा तसाच माघारी फिरेल, ही तिला धास्ती. आज तो सावरलाय, आणि त्याला विचारूनच लिहितेय. तुम्हीही लिहा. नावं नकोत.

वसई, वय २६:
बायबलमधल्या नीतिसूत्रांचा पहिला अध्याय कुणी नीट वाचलाय का? पापी लोक मुलाला बोलावताना म्हणतात, आमच्यात ये, आपल्या सगळ्यांची एकच थैली. आमचीही एकच थैली होती. पाच जण, आयपीएलच्या मॅचवर मोबाइलवरून सट्टा. जिंकलो तर सगळ्यांचं, हरलो तर सगळ्यांचं. मला पैशापेक्षा ते 'सगळ्यांचं'च ओढत होतं. कॉलेजात पहिल्यांदा कुणीतरी मला आपलं म्हटलं होतं. ताईच्या नर्सिंगच्या फीचे १८,००० रुपये भरायला म्हणून माझ्या खात्यात दिलेले होते. दोन रात्रींत गेले. थैली माझ्या एकट्याचीच होती हे तेव्हा कळलं. चौघांपैकी एकानेही फोन उचलला नाही.

घरी सांगितलं. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. आजोबांनी मात्र पहाटे चारला उठवलं आणि वाडीत मोगरा खुडायला नेलं. मग रोजच. कपाळाला बॅटरी बांधायची, कळ्या मिटलेल्या असतानाच खुडायच्या, म्हणजे दादरच्या बाजारात पोचेपर्यंत टिकतात. संगतीबद्दल आजोबा एक शब्दही बोलले नाहीत. पण रात्री मॅच संपायच्या आत माझे डोळे मिटायचे. ताईची फी त्या मोगऱ्यातूनच भरली.

पंढरपूर:
मी वारकरी घरातला, लिहिलं तर चालेल ना? आमच्याकडे म्हणतात, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मला शेजारच्या काकांचा गुण लागला, ते रोज कीर्तनाला हाताला धरून न्यायचे. एवढंच सांगायचं होतं.

धागा सुरू करणारी, नगर:
दादा, मनापासून स्वागत. 'कुसंगतीने नीती बिघडते' असं प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं (१ करिंथ १५:३३), ती ओळही ग्रीक नाटककार मेनांडरची मानतात. लोकांच्या कानावरची ओळ पवित्र शास्त्रात आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संगमनेर, निवृत्त शिक्षक:
वाईट संगत म्हणजे दारू-जुगारच असं नाही. बायबलमधल्या शलमोनाचा मुलगा रहबाम इस्राएलाचा राजा झाला, तेव्हा त्याने आधी वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, लोकांवरचं ओझं हलकं कर. मग त्याने बरोबर वाढलेल्या मित्रांना विचारलं. त्यांनी पढवलं, सांग की माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहा फुटून गेले. मी मंडळीचा सेक्रेटरी असताना असेच चार होयबा भोवती जमवले होते. कबरस्तानाच्या भिंतीच्या खर्चावरून एका वयस्कर पंचांना भर सभेत "खाली बसा" म्हणालो. ते बसले. पुन्हा कधी सभेला आले नाहीत. त्यांच्या मातीला मी त्याच भिंतीशी उभा होतो.

पुणे:
निंदकांची बैठक म्हणजे आमच्या चाळीचा जिना. पाच जणी मेथी निवडत एका विधवा शेजारणीबद्दल बोलायचो. एकदा तिची मुलगी विरजणासाठी वाटी घेऊन मागे उभी होती. किती वेळ, माहीत नाही. मी आता मेथी घरात निवडते.

छत्रपती संभाजीनगर:
सगळ्यांचं वाचलं. ज्याच्यापासून लांब राहायला सांगतात, तो मी. आमच्या गल्लीतल्या आया मुलांना म्हणायच्या, याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. त्यांचं बरोबरच होतं, माझ्या नादाने दोन मुलं प्यायला शिकली. पण येशू मत्तयाच्या घरी, लोक ज्यांना पापी मानायचे त्या जकातदारांच्या पंगतीला बसला, हेही त्याच शास्त्रात आहे. माझा शाळेतला एक मित्र गुत्त्यात कधी आला नाही. बाहेर स्कूटर लावून थांबायचा, कितीही वेळ लागो. आत ये म्हटलं की म्हणायचा, "तू बाहेर ये, मी आहे." असे सात महिने. व्यसनमुक्ती केंद्रात सोडायलाही तोच आला. त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. रविवारी सकाळी साडेआठला अजूनही त्याचा हॉर्न वाजतो. मी आधीच गेटशी येऊन उभा असतो.