गेटजवळच्या डे-लिलीचं करायचं काय?

समीर (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. गेटजवळचा लिलीचा वाफा. लावताना आपल्याला "पुन्हा पुन्हा फुलणारी जात" असं सांगितलं होतं. पहिला बहर छान झाला, त्यानंतर सहा आठवडे नुसती पानं. दोघा-तिघांनी मला जिन्यात गाठून सांगितलंय की काढून टाका. रविवारी माळीदादा येणार आहेत, तोवर मतं कळवा.

नाना: माझं मत काढा. गवताची निगा राखायला माळी कशाला?

सुनंदाकाकू: अहो, फुलं किती सुंदर होती! सकाळी फिरून येताना मी रोज थांबायचे. संध्याकाळी मात्र मान टाकलेली असायची बिचारी.

केतन: काकू, ते फूल एका दिवसाचंच असतं. नावातच "डे" आहे.

नाना: म्हणजे फुलं कुस्करली म्हणून मी पोरांवर ओरडलो ते...

वसुधाताई: उगाच ओरडलात नाना. 😄 पोरांनी हातही लावला नव्हता.
शास्त्रीय नावच हेमेरोकॅलिस. ग्रीकमध्ये हेमेरा म्हणजे दिवस, कॅलोस म्हणजे सौंदर्य. पण एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या असतात, रोज एक-दोन उमलतात. एका ठोंबाला असे चार-पाच दांडे आले की बहर तीन-चार आठवडे चालतो. नंतर झाड दम खातं. पुन्हा फुलणारी जात म्हणजे त्या विश्रांतीनंतर नवे दांडे काढणारी. बारमाही कोणी म्हणालं असेल तर ते विकणाऱ्याचं बोलणं.

समीर (सेक्रेटरी): सहा आठवडे ही विश्रांती जरा लांबली नाही का?

वसुधाताई: लांबली. म्हणून तर विचारतेय, वाफा कोणी जवळून पाहिलाय का? मी संध्याकाळी खाली जाते.

केतन: ताई, माझ्या बाल्कनीतल्या लिलीला कांदे आहेत. पाऊस पडला की गुलाबी फुलं येतात. ती हीच का?

वसुधाताई: नाही रे, ती रेन लिली. आपल्याकडे लिली या नावाखाली सगळंच खपतं. डे-लिलीला कांदा नसतो. उपटून पाहिलंस तर जाड, दोरीसारखी मुळं दिसतील, मधेमधे फुगलेली. पाणी आणि अन्न तिथे साठवते ती. पानं समोरासमोर दोनच ओळींत, हातपंख्यासारखी येतात, म्हणून एका फुटव्याला पंखाच म्हणतात. आणि खऱ्या लिलीची पानं उभ्या खोडावर असतात, हिची सगळी जमिनीलगत. वनस्पतिशास्त्रात तर कुळही वेगळं.

नाना: परीक्षा आहे का?

वसुधाताई: तोंडी. 

— संध्याकाळ —

वसुधाताई: [फोटो] [फोटो] [फोटो]
पहिला फोटो नीट बघा. हे दांडे वाळलेले नाहीत, हिरवे आहेत आणि वरून सपाट कापलेत. खाली पडलेल्या एका तुकड्यावर मी सहा कळ्या मोजल्या. हे कोणी केलं?

समीर (सेक्रेटरी): मी माळीदादांना "वाळलेले दांडे काढा" म्हटलं होतं. त्यांनी कुंपणाची मोठी कात्री एका रेषेत फिरवली असणार.

वसुधाताई: म्हणजे दुसरा बहर सुरू झाला होता आणि आपणच तो कापला. 🙏
दांडा कापायचा तो शेवटची कळी उमलून गेल्यावर आणि रंग पिवळट व्हायला लागल्यावर, बुडाशी. त्याआधी फक्त गेलेलं फूल काढायचं.

सुनंदाकाकू: ते तर मी काढायचे हो रोज! दोन बोटांनी ओढलं की हातात यायचं. ओल्या टिश्यूसारखा लगदा व्हायचा, बोटं पिवळी.

वसुधाताई: काकू, तुमचे आभारच. पण पाकळ्यांचा लगदा तेवढा ओढला तर त्यामागची हिरवी गाठ दांड्यावरच राहते. मुगाच्या दाण्याएवढी असते, पटकन दिसत नाही. तीच फुगून बोंड होतं. देठाशी नख लावून गाठीसकट खुडायचं. दुसऱ्या फोटोत बोंडंच बोंडं आहेत, मी सतरा मोजली. बी भरण्यात झाडाची ताकद जाते, मग नव्या दांड्यांना काय उरणार?

सुनंदाकाकू: अगंबाई. मी नुसती साफसफाई करत होते म्हणजे.

समीर (सेक्रेटरी): बोंडं तोडायला मी माळीदादांना सांगणार होतो, पण ते म्हणाले की "नानांनी ठेवायला सांगितलीत".

केतन: ???

नाना: हा मेसेज डिलीट केला आहे

वसुधाताई: नाना, काडेपेटीत किती बिया जमल्या?

नाना: एकतीस. काळ्या, चकचकीत. टाकवत नाहीत हो.

केतन: आणि सकाळी मत "काढा" 😂

वसुधाताई: पेरा खुशाल, उगवतील. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतील आणि येईल ते या झाडासारखंच असेल असं नाही. ही संकरित जात आहे, बियांतून काहीही निघू शकतं. पुन्हा फुलण्याचा गुण तर उतरेलच याचा भरवसा नाही. हुबेहूब हेच झाड हवं असेल तर फुटवा वेगळा करायचा.

नाना: मग निदान हिचं नाव तरी सांगा.

वसुधाताई: पाटी सापडली मातीत. स्टेला दी ओरो. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या वॉल्टर जाब्लोन्स्की नावाच्या हौशी माणसाने काढलेली, नोंद १९७५ची. दांडा जेमतेम २८ सेंमी, फूल सात सेंमी, सोनेरी पिवळं. १९८५मध्ये तिला डे-लिलीतला सर्वोच्च मान, स्टाउट पदक मिळालं. तेव्हा मोठाल्या फुलांच्या जाती असताना या बुटकीला ते मिळालं ते ती पुन्हा पुन्हा फुलते म्हणूनच, असं मला तरी वाटतं. तिच्यापासून पुढे हॅपी रिटर्न्स काढली, १९८६ची. फिकट लिंबू रंगाची. मला विचाराल तर तीच जास्त देखणी, स्टेलाचा पिवळा जरा भडक आहे.

समीर (सेक्रेटरी): ताई, तिसऱ्या फोटोत तर वॉचमनकाकांची खुर्ची आहे.

वसुधाताई: तेच दाखवायचंय. ते भर दुपारी खुर्ची वाफ्याशेजारी टाकतात. म्हणजे तिथे सावली आहे हे त्यांना आपल्याआधी कळलं. वरची फांदी वर्षभरात केवढी पसरलीये. या झाडाला दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. सावलीत मरत नाही ती, पानं मस्त वाढतात, पण फुलणं आधी कमी होतं, दुसरा बहर तर पहिला जातो. त्यात लॉनला टाकलेला युरिया उतारावरून इकडेच वाहत येतो. नत्र जास्त झालं की सगळा जोर पानांत. नानांचं "गवत" असं तयार झालं.

नाना: चला, निदान निदान तरी बरोबर होतं माझं.

केतन: मग फांदी छाटायची, युरिया बंद आणि पाणी वाढवायचं?

वसुधाताई: पाणी हवंच. बहर संपला की आपण पाणी विसरतो आणि नेमके तेव्हाच नवे फुटवे भरत असतात. आठवड्यातून एक-दोनदा खोलवर द्यायचं, रोज शिंपडा मारायचा नाही. ओंजळभर कंपोस्ट पुरे. पण एक सांगते, माती, पाणी, खत सगळं नीट असूनही दुसरा बहर कधी कधी बारीकच येतो. पहिल्यासारखा भरगच्च येईलच असं धरून बसू नका.

अमृता: सगळ्यांना नमस्कार, उशिरा वाचतेय. मी गेटजवळच्या तीन मांजरांना खायला घालते, ती याच वाफ्यात झोपतात. लिली मांजरांना चालत नाही असं कुठेतरी वाचलं होतं. ही लिली नाही म्हणता, म्हणजे काळजी नाही ना?

वसुधाताई: अमृता, बरं झालं विचारलंस. माझ्या डोक्यातच आलं नाही, चुकलंच माझं.
काळजी आहे. ही खरी लिली नसली तरी मांजरांना दोन्ही सारख्याच घातक. पान, फूल, परागकण, काहीही. थोडंसं चावलं किंवा अंगावरचे परागकण चाटले तरी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चावताना दिसलं तर उलटी होण्याची वाट बघायची नाही, तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे. पहिले काही तास हातातून गेले की मांजर वाचवणं अवघड.

अमृता: बापरे. त्यातली एक सारखी पानं चघळते हो. आत्ता तिघीही ठीक दिसताहेत. उद्या सकाळीच तिला दाखवून आणते.

वसुधाताई: सकाळपर्यंत थांबू नकोस गं. आत्ताच डॉक्टरांना फोन कर, काय चघळलंय ते नाव घेऊन सांग. पाटीचा फोटो टाकते.

समीर (सेक्रेटरी): मग ठरलंच. वाफा काढायचा.

सुनंदाकाकू: टाकून देणार?

वसुधाताई: गच्चीवर नेऊ. वरचं दार बंदच असतं, मांजरं येत नाहीत, ऊन दिवसभर. सावलीचा प्रश्नही सुटला. तरी खालून मांजरांना लांब ठेवायला रविवारपर्यंत वाफ्यावर जाळी घालूया. आणि ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांनी कुंडी तर नाहीच, फुलदाणीत एक फूलसुद्धा घरी न्यायचं नाही.

केतन: ठोंब उपटला तर मरणार नाही?

वसुधाताई: भारी चिवट जात आहे. तसेही तीन-चार वर्षांनी ठोंब गच्च झाला की फोडावाच लागतो, नाहीतर फुलं कमी होतात. मुळांपासून हातभर लांब खणायचं, माती झटकायची, मग दोन्ही हातांनी हलवत हलवत पंखे सुटे करायचे. नाहीच सुटले तर सुरीने. एका तुकड्याला दोन-तीन पंखे ठेवा. पानं वीतभर ठेवून छाटा. कुंडीत मधे मातीचा छोटा ढिगारा करून मुळं त्याच्या चारी बाजूंनी पसरायची. पांढरा भाग, जिथे पानं आणि मुळं भेटतात तो, मातीखाली दोन-अडीच सेंमीच. खोल गाडला तर कुजतो किंवा रुसून बसतो.
आणि छाटलेल्या पानांच्या मागून पांढरा कागद फिरवून बघा. नारिंगी पूड लागली तर तांबेरा आहे, तो तुकडा कुंडीत घ्यायचा नाही.

समीर (सेक्रेटरी): यंदा परत फुलं?

वसुधाताई: यंदा विसर. मुळं धरू दे.

समीर (सेक्रेटरी): रविवार सकाळ नक्की. माळीदादांच्या हातून कात्री काढून घेतो. कुंड्यांसाठी फंडात हात घालायचा नाहीये, जुन्या बादल्या कोणाकडे आहेत?

अमृता: डॉक्टरांशी बोलले. आत्ताच घेऊन या म्हणाले, निघतेय. जाळी माझ्याकडे आहे, आल्यावर लावते.

सुनंदाकाकू: सांभाळून जा गं. पोचलीस की इथे कळव. समीर, माझा एक टब आहे.

नाना: दोन बादल्या देतो, पण एकीला बुडाशी मोठं भोक आहे.

वसुधाताई: ती आधी आणा. दुसरीला मी पाडते.