गांडूळ खत विकत आणावे की बागेतच गांडुळे वाढवावीत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुरंदर तालुक्यात आमची सीताफळाची छोटी बाग आहे. जमीन हलकी, मुरमाड आणि उताराची असून पाणी ठिबकवर दिले जाते. यंदाच्या बहराला रासायनिक खताचा हात आखडता घेऊन गांडूळ खत द्यावे, असे घरात ठरले आहे; परंतु ते तयार गोण्यांतून आणावे, बांधाच्या सावलीत शेण-पाल्याचा बेड (गांडुळे वाढवण्याचा वाफा) करून बनवावे, की जमिनीतच गांडुळे वाढतील अशी व्यवस्था करावी, यावर आमचे एकमत होत नाही.

हा प्रश्न पडण्याचे कारण बागेतच आहे. पावसाळ्यात काही झाडांच्या आळ्यात, ड्रिपरच्या जवळ, शेवयांच्या गुंत्यासारखे मातीचे लहान ढीग दिसतात. त्यांतील वाळलेली कणी पाण्यात टाकली तर ती आपला आकार बराच वेळ टिकवून ठेवते, आणि शेजारचे साधे ढेकूळ मात्र लगेच विरघळून गढूळ होते. जिथे असे ढीग आहेत तिथे पाणी साचून न राहता चटकन मुरते, हेही लक्षात आले आहे. उन्हाळ्यात मात्र त्याच जागी खणले तरी एकही गांडूळ सापडत नाही.

खत विक्रेत्याचा सल्ला असा की, बेडमधील गांडुळे सरळ बागेत सोडावीत, म्हणजे दरवर्षी खत घालण्याची गरजच उरणार नाही. हे मला पटलेले नाही. शिवाय सीताफळाचा पाला कीटकांना मारक मानला जातो. तो बेडमध्ये वापरावा की नाही, याचाही अनुभव कोणाला असल्यास कृपया सांगावा.

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. बेडमध्ये सहसा आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनिया ही गांडुळे असतात. ती पृष्ठभागावरील कुजत्या शेणात आणि पाल्यात राहणारी आहेत; मुरमाड जमिनीत खोल बिळे करणे हा त्यांचा स्वभाव नाही. गांडूळ त्वचेतून श्वास घेते आणि त्यासाठी ती ओली राहावी लागते, त्यामुळे शेण-पाला नसलेल्या तापल्या रानात सोडलेली ही गांडुळे टिकत नाहीत. तुमच्या आळ्यातील ढीग म्हणजे स्थानिक गांडुळांची विष्ठा आहे. उन्हाळ्यात ती खोल ओलीत जाऊन वेटोळे करून पडून राहतात आणि पावसाबरोबर वर येतात. पाणी मुरण्याचे जे काम तुम्ही पाहिलेत ते त्यांच्या बिळांचे आहे, आणि ते गोणीतून विकत मिळत नाही.

गोणीतील खताचा उपयोग वेगळा आहे. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळ खतात किमान १ टक्का नत्र आणि १८ टक्के सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेण-पाल्यातला कार्बन) असावा लागतो. म्हणजे १ टनातून किमान १० किलो नत्र मिळते, जे युरियाच्या ४५ किलोच्या साधारण अर्ध्या गोणीइतके झाले. नुसता नत्राचा हिशेब मांडला तर हे खत महागच पडते. पैसे द्यायचे ते कर्बासाठी, जिवाणूंसाठी आणि पाण्यात न फुटणाऱ्या त्या कणीसाठी. म्हणून खत बागभर न विस्कटता ड्रिपरखालच्या ओल्या पट्ट्यात द्यावे, मातीत हलकेच मिसळावे आणि त्यावर पाल्याचे जाड आच्छादन करावे. हेच आच्छादन स्थानिक गांडुळांचे अन्न आणि सावलीही होते. आळ्यातील वारंवारची खोल खोदणी तेवढी थांबवा, कारण तिने बिळे मोडतात.

सीताफळाचा पाला ताजा वापरू नये. तो शेणाबरोबर दोन-तीन आठवडे कुजू द्यावा, त्यातील उष्णता निघून गेली की कोपऱ्यात मूठभर गांडुळे सोडून पाहावीत. ती खाली शिरून तिथेच रमली तर बाकीची सोडावीत. कडेने बाहेर पडू लागली तर पाला आणखी कुजवावा. बेडवर ओले गोणपाट हवेच, आणि मुंग्या व कोंबड्यांपासून राखणही हवी.

एक गोष्ट मात्र तुमच्या लिखाणात आलेली नाही. बागेत बोर्डो मिश्रण किंवा दुसरे ताम्रयुक्त बुरशीनाशक वर्षानुवर्षे वापरले जात असेल, तर तांबे वरच्या थरात साठत जाते आणि ते गांडुळांना बाधते. फवारण्या किती होतात आणि माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब किती आला आहे, एवढे कळवा. त्यानुसार प्रति झाड किती खत द्यावे ते सांगता येईल.