फायबरच्या होडीला रंग: रोलर की स्प्रे? (माझं मत रोलरला)

पानशेतचा नावाडी (धागाकर्ता)

दिवाळीत आम्ही चौघांनी वर्गणी काढून 14 फुटी फायबरची होडी घेतली. डोणज्याच्या पुढे एका शेतघरामागे ती चार-पाच पावसाळे उलटी पडून होती. अंग धड आहे. ठिकठिकाणी ठोकून पाहिलं, कुठेही बद्द आवाज नाही. कातडी मात्र पार गेली आहे. हात फिरवला की तळहातावर खडूसारखी भुकटी येते, कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत आणि तळाला कुणीतरी कधीतरी मारलेल्या निळ्या रंगाचे पोपडे.

आता रंग. चौघांची पाच मतं आहेत. माझं मत असं की खाली एपॉक्सी प्रायमर (एपॉक्सी रेझिनचं अस्तर) द्यावा आणि वर टू-पॅक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग, बेस आणि हार्डनर वेगवेगळ्या डब्यांत येतो तो. आणि तो स्प्रेने नाही, रोलरने. एकाने फोमच्या रोलरने पातळ थर देत पुढे जायचं, दुसऱ्याने मागोमाग मऊ ब्रशच्या नुसत्या टोकाने बुडबुडे मोडत यायचं. कडा ओली आहे तोवर पुढचा पट्टा त्यात मिसळला पाहिजे, मध्ये फोन घ्यायचा नाही. चांगला पीयू सावकाश पसरून आपला आपण सपाट बसतो.

स्प्रेला नकार चकाकीमुळे नाही, फुप्फुसांमुळे आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारलं की त्याचं धुकं श्वासात जातं, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे जराशा संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. रोलरलाही हातमोजे आणि मास्क लागतातच, पण धुकं तरी होत नाही. 'मी नाकाला रुमाल बांधून मारतो, काही होत नाही' म्हणणारे पेंटर मी पाहिलेत. त्यांच्याशी वाद घालायची हिंमत नाही आणि शेजारी उभं राहायची तर मुळीच नाही.

बोला.

भोसरीचा बूथवाला

गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये माझी वीस वर्षं गेली, म्हणून बोलतो. धोका स्प्रेचा नाही, उघड्यावर मारलेल्या स्प्रेचा आहे. 14 फूट म्हणजे सव्वाचार मीटर. एवढी होडी गाडीच्या बूथमध्ये, म्हणजे रंग फवारायच्या बंद खोलीत, ट्रेलरसकट जाते. तिथे गाळलेली हवा वरून येते, धुकं खालून ओढलं जातं आणि पेंटरला पाइपने बाहेरची ताजी हवा मिळते. नुसता कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क मी माझ्या पोरांना पुरेसा मानत नाही. आयसोसायनेटला भरवशाचा वास नसतो, त्यामुळे कार्ट्रिज संपलं हे नाकाला कळतच नाही.

आता तुमचा रोलर. शेतावर, उघड्यावर. दुपारी वारा सुटला की पहिल्या कोटात माती आणि दुसऱ्यात चिलटं. मग ते घासा, परत मारा. त्यापेक्षा एकदाच नीट करा की.

पानशेतचा नावाडी

बूथवाले, तुमचं म्हणणं तत्त्वतः शंभर टक्के मान्य. पण तीन ठिकाणी विचारून आलोय. दोघांनी होडी बघूनच हात जोडले. फायबरला साच्याचं मेण असतं, वर कुणी सिलिकॉनचं पॉलिश चोळलेलं असलं आणि त्याचा अंश बूथमध्ये राहिला तर पुढच्या गाडीच्या रंगाला बारीक खड्डे पडतात, म्हणाले. तिसऱ्याने सांगितलेल्या आकड्यात दुसरी होडी आली असती.

भोसरीचा बूथवाला

ते दोघे बरोबर बोलले. मीही आधी होडी धुऊन, घासून आणायला सांगितलं असतं. बारा आणे काम घासण्याचं आहे आणि तुम्ही उरलेल्या चार आण्यांवर धागा काढलाय.

तिसरा मजला

घासणार कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये?

पानशेतचा नावाडी

नाही हो. आमचे सेक्रेटरी सायकललाही स्टिकर मागतात. होडी शेतावरच आहे.

जेलकोट जिंदाबाद

दोघंही चुकताय. फायबरला रंग म्हणजे तडजोड. मूळ कातडी जेलकोटची, म्हणजे फायबरवरच्या रंगीत पॉलिएस्टर रेझिनच्या थराची, दुरुस्तीही जेलकोटनेच व्हावी. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. तुमच्या पीयूचे दोन कोट मिळून त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकेही होणार नाहीत. आपल्याकडे काठाला लावायला मऊ वाळू नाही, काळा दगड आहे. पहिल्याच रविवारी होडी खडकवासल्याच्या काठावर ओढलीत की पीयूवर चरा उमटेल आणि त्यातून प्रायमर डोकावेल. जेलकोटला चरा पडला तर घासा, पॉलिश करा, संपलं. एफआरपीच्या, म्हणजे फायबरच्या, कामाचं सामान पुण्यात सहज मिळतं.

भोसरीचा बूथवाला

काका, साच्यात मारलेला जेलकोट आणि बाहेरून मारलेला जेलकोट यात फरक आहे. साच्यात चकाकी साच्याची येते. बाहेरून मारला की संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. मग 220 चा पेपर, 400, 600, 1000 आणि मग बफिंग. 14 फुटी होडी, दोन्ही बाजू. नातवंडं लागतील मदतीला.

जेलकोट जिंदाबाद

आहेत दोन. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामीच असतात.

रसायनवाली

मी रेझिनच्या क्षेत्रात आहे. भांडण वाचून मजा आली, पण तिघांनीही मधल्या चार गोष्टी गाळल्यात.

जेलकोटपासून सुरू करते. हवेच्या संपर्कातला जेलकोट वरून चिकटच राहतो, कारण ऑक्सिजन त्याचं वरच्या थरातलं घट्ट होणं रोखतो. म्हणून शेवटच्या कोटात मेणाचं द्रावण घालतात, ते वर येऊन हवा अडवतं. दुसरं, धागाकर्त्याने चिरा एपॉक्सीने भरल्या तर त्यावर जेलकोटचा भरवसा धरू नये. पॉलिएस्टरवर एपॉक्सी घट्ट बसतं, एपॉक्सीवर पॉलिएस्टर तितकं बसत नाही. म्हणजे एकदा एपॉक्सीच्या वाटेला गेलात की पुढे पीयूच. आणि नातवंडं मदतीला असतील तर हे आधी वाचा: रेझिन घट्ट व्हायला त्यात घालतात ते कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर आणि कॅटॅलिस्ट हे दोन कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरं.

आता तो निळा रंग. त्यावर टू-पॅक पीयू मारायची घाई करू नका. थिनरमध्ये भिजवलेला बोळा त्यावर दहा-पंधरा मिनिटं चिकटपट्टीने दाबून ठेवा. रंग मऊ पडला, सुरकुतला, तर तो साधा एक डब्याचा ऑइलपेंट आहे. पीयूचा जहाल थिनर त्याला खालून उचलून फेकेल. तो सगळा खरवडूनच काढावा लागेल.

घासण्याच्या आधी मेण काढायचं, नंतर नाही. आधी घासलंत तर तेच मेण ओरखड्यांमध्ये कोंबलं जातं. साबणाने धुवा, मग सॉल्व्हंटने पुसा, एका फडक्याने ओलं करायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपायचं. झाल्यावर पाणी ओता. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर मेण अजून आहे, सलग पसरलं तर पुढे जा. प्रायमरआधी 80 ते 120 चा पेपर, पीयूआधी 320. कोरडं घासलंत तर फायबरची खाज दोन दिवस जात नाही. ओलं घासा आणि नंतर गार पाण्याने अंघोळ करा, गरम नको.

एपॉक्सी सुकल्यावर त्यावर कधीकधी मेणचट साय येते. ती सॉल्व्हंटने नाही, साध्या पाण्याने जाते. भांड्यांचा हिरवा स्क्रबर घ्या, धुवा, मग घासा. ही पायरी चुकवलीत आणि वरचा कोट पापडासारखा सुटून आला तर रंगाला दोष देऊ नका.

शेवटचं: होडी पाण्यात कायम राहणार की बाहेर? टू-पॅक पीयू पाण्याच्या रेषेवरच्या भागासाठी असतो. सतत पाण्यात बुडालेला राहिला तर त्याला फोड येतात.

पानशेतचा नावाडी

हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी पाण्यात, संध्याकाळी ट्रेलरवर, असाच बेत आहे.

रसायनवाली

मग तळालाही चालेल. पण कधी महिनाभर धरणात बांधून ठेवायची ठरवलीत तर पाण्याच्या रेषेखाली फक्त एपॉक्सीचा जाड थर, पाव मिलिमीटरच्या आसपास. 'आपलं गोडं पाणी, समुद्र थोडाच आहे' असं म्हणू नका. फायबरमध्ये पाणी मुरून फोड येण्याच्या बाबतीत गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट.

मुक्काम कोथरूड, मूळ गुहागर

एवढं रामायण कशाला? आमच्याकडे होडीला दर वर्षी रंग देतात. ऑइलपेंट आणायचा, ब्रशने फासायचा, पाण्यात ढकलायची. आजोबांनी आयुष्यात 'आयसोसायनेट' हा शब्द ऐकला नाही आणि 90 वर्षं जगले.

रसायनवाली

आजोबांची होडी लाकडाची असणार. लाकूड फुगतं, आक्रसतं, त्याला मऊ रंगच बरा. तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. ऑइलपेंट दोन-तीन उन्हाळ्यांत फिका पडतो, पण खरचटलं तर त्याच संध्याकाळी ब्रश मारता येतो, विषारी हार्डनर नाही, प्रमाणाची भानगड नाही. मुलांना शिकवायची, दगडांवर आपटणारी होडी असेल तर मी तोच मारीन. हौसेची असेल तर नाही.

मुक्काम कोथरूड, मूळ गुहागर

पुण्यात कुणी माझ्याशी सहमत झालं. तारीख लिहून ठेवतो.

जुना वल्हेकरी

मी कॉलेजात सीओईपीच्या (पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या) बोट क्लबवर वल्ही मारली आहेत. त्यांची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, 1928 पासून चालू आहे, तेव्हा होड्या सांभाळायचं पुण्याला नवीन नाही. तिथे एक गोष्ट शिकलो: होडी पाण्याबाहेर, सावलीत, कोरडी ठेवली की निम्मा रंग वाचतो.

माझा प्रश्न वेगळाच आहे. भुकटी येते म्हणजे जेलकोट संपला असं नाही, वरचा पापुद्रा उन्हाने जळलाय. मागच्या फळीवर एक फूट बाय एक फूट जागा घ्या. 800 चा वॉटर पेपर, मग 1200, मग रबिंग कंपाऊंड, मग मेण. तासाभराचं काम. चकाकी आली तर रंग कशाला? एकदा रंग मारलात की तुम्ही रंगाचे नोकर. दर काही वर्षांनी परत तेच.

भोसरीचा बूथवाला

हे मात्र बरोबर. धंद्याचं नुकसान सोसून सांगतो. फक्त बफरचं चाक एका जागी धरू नका, जेलकोट जळून खालची जाळी दिसायला लागते.

जेलकोट जिंदाबाद

मी मूळ कातडी जपा म्हणालो तेव्हा नातवंडं काढलीत. वल्हेकरी म्हणाले तर बरोबर!

पानशेतचा नावाडी

दोन आठवड्यांनी लिहितोय. वल्हेकरींचा प्रयोग केला, मागच्या फळीवर आणि दोन्ही कडांवर. खोटं बोलणार नाही, तोंड दिसेल इतकी चकाकी आली. वरचा भाग आता रंगवणार नाही. तिथे माझं मत चुकलं, मित्रांना जेवण द्यायचं माझ्यावर लागू झालंय. चिराही वाटल्या तेवढ्या खोल नाहीत. दोनच जागी व्ही आकारात कोरून भरायच्या आहेत, आणि तिथे एपॉक्सी नाही, जेलकोटच, म्हणजे वर रंग लागणार नाही. काका खूश.

तळाची गोष्ट वेगळी. बोळ्याच्या परीक्षेत निळा रंग पाच मिनिटांत च्युइंगगमसारखा झाला. खरवडल्यावर खाली जेलकोट जागोजागी पार गेलेला. तिथे एपॉक्सी आणि पीयू, रोलरने, या मतावर मी ठाम आहे. होडी उलटी ठेवली की ती बाजू कुणी आरशासारखी बघणार नाही. धूळ बसली तर बसली.

वेळ सकाळी साडेदहा ते दोन ठरवली आहे. थंडीत शेतावर नऊपर्यंत दव असतं, आणि चारनंतर मारलेला कोट सुकायच्या आत पुन्हा दव पडून निस्तेज होतो असं बूथवाल्यांनी फोनवर सांगितलं. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान 3 अंश गरम हवा.

मुक्काम कोथरूड, मूळ गुहागर

तळाला रंग कुठला?

पानशेतचा नावाडी

एकाला गडद निळा हवाय. मे महिन्यात ट्रेलरवर उलटी ठेवलेली निळी होडी हाताला चटका देईल, आतलं रेझिन तापून फायबरच्या कापडाच्या विणीचे ठसे वर उमटतील, असं समजावतोय. ऐकत नाही. फिकट करड्यावर आणलाय, अजून सही झालेली नाही.

तिसरा मजला

घासायला कुणाला बोलावताय? मी रविवारी मोकळा आहे, पण जेवण काय?

पानशेतचा नावाडी

पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. बाह्या पूर्ण असलेला जुना शर्ट घालून या.